मोझीचे शिष्य आणि मुंडकाराचा दावा

‘चीनमध्ये तर्कशास्त्र झालंच नाही’ हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचलं आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात अ‍ॅरिस्टॉटलला प्रकरणच्या प्रकरण मिळतं आणि चीनला एखादा परिच्छेद. कन्फ्यूशियसने नीती सांगितली, ताओवाद्यांनी गूढ बोलून ठेवलं, काटेकोर युक्तिवाद मात्र ग्रीकांनी केला, एवढंच त्यात असतं. मी गोव्यात, फोंड्याला वकिली करते. दिवाणी दावे, वारसांमधल्या वाटणीच्या इन्व्हेंटऱ्या, कूळ-मुंडकारांची प्रकरणं (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात त्याच्या संमतीने राहणारा). युक्तिवाद हेच माझं रोजचं काम आहे, आणि म्हणून या वाक्याचा मला राग येतो. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात मोझी या चिनी विचारवंताच्या शिष्यांनी जे लिहून ठेवलं, ते माझ्या टेबलावरच्या फायलींना थेट लागू पडतं.

मोझी हा इ.स.पू. पाचव्या शतकातला. त्याचा संप्रदाय दरबारी पंडितांचा नव्हता. त्यात कारागीर होते, वेढा पडलेल्या शहरांचा बचाव कसा करायचा हे जाणणारी माणसं होती. सगळ्यांवर सारखं प्रेम करा, दुसऱ्यावर चढाई करू नका, ही त्यांची शिकवण. अशी शिकवण घेऊन राजाराजांच्या दारात जायचं तर समोरचा प्रत्येक वाक्याला फाटे फोडणार. त्यामुळे वाद कसा करायचा याचा विचार त्यांना करावाच लागला. ‘मोझी’ याच नावाच्या ग्रंथात नंतरच्या शिष्यांनी लिहिलेली सहा प्रकरणं आहेत. छोटी छोटी सूत्रं, त्यांची स्पष्टीकरणं, आणि शेवटी ‘शियाओ छू’ नावाचा एक आटोपशीर निबंध.

सूत्रांत वादाची व्याख्या येते ती अशी: एकजण म्हणतो हा बैल आहे, दुसरा म्हणतो हा बैल नाही, याला वाद म्हणायचं. दोघंही बरोबर असू शकत नाहीत, एकाचं चुकणारच. आणि एकाने बैल म्हटलं, दुसऱ्याने घोडा म्हटलं, तर तो वादच नव्हे, कारण दोघंही चुकलेले असू शकतात. आमच्या कोर्टात वादमुद्दे काढताना न्यायाधीश हेच करतात. दोन्ही पक्षांची लांबलचक निवेदनं बाजूला सारून ‘आहे की नाही’ अशी एकच गोष्ट पकडायची. दुसऱ्या एका सूत्रात म्हटलं आहे की ‘सगळी विधानं खोटी असतात’ असं म्हणणं खोटं आहे, आणि ते खोटं का, हे त्याच विधानावरून कळतं. क्रीटच्या खोटारड्याचं ग्रीक कोडं (‘सगळे क्रीटवासी खोटारडे’ असं म्हणणारा स्वतःच क्रीटचा) आठवणाऱ्याला हे वाचून नवल वाटावं.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पहिलंच सूत्र, कारणाबद्दलचं. कारणं दोन जातींची. लहान कारण असलं तर गोष्ट घडेलच असं नाही, पण ते नसलं तर ती घडणार नाही हे नक्की. मोठं कारण असलं की गोष्ट घडतेच. आज कॉलेजात आवश्यक अट आणि पुरेशी अट म्हणून जे शिकवतात तेच हे.

याचा उपयोग कसा होतो ते एका प्रकरणातून सांगते. नावगाव सांगत नाही. एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) एक कुटुंब तीन पिढ्या राहतंय. आजोबा माडांची, पोफळींची राखण करायचे, बाप करायचा. आता भाटकाराचे वारस म्हणतात की हे मुंडकार नव्हेत, हे आमचे चौकीदार, घर रिकामं करा. १९७५च्या मुंडकार कायद्यातली व्याख्या पाहिली तर भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवरच्या घरात कायमची वस्ती करून राहणारा तो मुंडकार, मग तो भाटकाराची चाकरी करो वा न करो. मात्र त्यातून काही लोक वगळले आहेत. त्यांत पगार घेऊन मालकाच्या घराच्या आवारात किंवा आऊटहाऊसमध्ये राहणारा घरगडी किंवा चौकीदार येतो.

माझ्या ज्युनियरने फाईल वाचली आणि हिरमुसून म्हणाली, “मॅडम, राखण करायचे हे तर आपल्याच अशिलाने जबानीत कबूल केलंय. मग चौकीदारच ठरले की.”

मी तिला विचारलं, “राखण करणं हे लहान कारण की मोठं?”

तिला ते कळायला फार वेळ लागला नाही. राखण केली म्हणून कोणी वगळला जात नाही, कायद्यानेच चाकरीचा मुद्दा आधी निकाली काढला आहे. वगळायचं तर पगार हवा, आणि राहणं मालकाच्या आवारातलं हवं. ही दोन्ही लहान कारणं. यातलं एक जरी नसलं तरी अपवाद लागू होत नाही. मग आम्ही मामलेदारांपुढे राखणीवर एक शब्दही खर्च केला नाही. पगार कधी दिला, किती दिला, कशावर नोंदला, एवढंच विचारत राहिलो. घर भाटकाराच्या वाड्यापासून किती लांब आहे याचा नकाशा लावला. या पद्धतीचा युक्तिवाद मी कायद्याच्या पुस्तकांतून शिकलेच असते म्हणा, पण त्याचा सांगाडा इतक्या थोड्या शब्दांत मला दुसरीकडे सापडलेला नाही.

‘शियाओ छू’ हा निबंध याच्याही पुढे जातो. त्याचा विषय आहे साम्य. मोझीपंथीयांच्या चारही युक्तिवादपद्धती साम्यावर उभ्या आहेत: एका वस्तूने दुसरी समजावणं, दोन वाक्यं समांतर मांडणं, ‘तुला चालतं तर मला का नाही’ असं विचारणं, आणि समोरच्याने जे मान्य केलंय त्याच जातीचं न मान्य केलेलंही त्याच्याकडून वदवून घेणं. शेवटच्या पद्धतीला ते ‘तुई’ म्हणतात. वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा पुढे करून ‘आमचं प्रकरण त्याच जातीचं’ असं आम्ही म्हणतो ना, ती ही तुई. पण लगेच ते बजावतात: वस्तू काही बाबतींत सारख्या असल्या म्हणून सगळ्याच बाबतींत सारख्या होत नाहीत. साम्य पुढे ओढत नेलं की वळतं, लांब गेलं की हरवतं, मूळ सोडून वाहत जातं. म्हणून जपून.

आणि मग उदाहरणांची रांग. पांढरा घोडा हा घोडा. पांढऱ्या घोड्यावर बसणं म्हणजे घोड्यावर बसणं. हे चाललं. गाडी लाकडाची; पण गाडीत बसणं म्हणजे लाकडात बसणं नव्हे. तिचा धाकटा भाऊ देखणा पुरुष आहे. पण भावावर तिची माया आहे म्हणजे देखण्या पुरुषावर तिचं प्रेम आहे असं नव्हे. घोड्याचे डोळे आंधळे असले तर घोडा आंधळा म्हणतात, पण घोड्याचे डोळे मोठे असले तर घोडा मोठा म्हणत नाहीत. बैलाचे केस पिवळे तर बैल पिवळा. बैलाचे केस पुष्कळ म्हणून बैल पुष्कळ नव्हेत. वाक्याचा साचा तोच, आणि एकदा निष्कर्ष निघतो, एकदा निघत नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी या साच्यांच्या जाती पाडल्या आहेत.

त्यातलं एक उदाहरण मला आवडत नाही, तेही सांगते. चोर हा माणूस. पण चोराला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे. सर्वांवर प्रेम करा म्हणणारा पंथ देहदंडही मान्य करत होता, आणि ती विसंगती झाकायला हे वाक्य आलं असं माझं वाचन आहे. ‘गाडी-लाकूड’च्या रांगेत ‘चोर-माणूस’ बसवणं हीच ती लांब जाऊन हरवलेली तुलना. त्यांच्याच कसोटीवर त्यांचं हे वाक्य मला लंगडं दिसतं. पण ती कसोटी त्यांनीच हातात दिली आहे, हेही खरं.

त्याच काळातला वादपटू कोंगसुन लोंग ‘पांढरा घोडा हा घोडा नव्हे’ या वाक्यासाठी जास्त प्रसिद्ध आहे. दुसरा वादपटू हुई श कोड्यांसाठी. ‘झ्वांगझी’ या ताओवादी ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात वादपटूंची वाक्यं दिली आहेत, त्यांत एक असं: हातभर काठी रोज निम्मी तोडत गेलात तर दहा हजार पिढ्यांतही संपणार नाही. झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाची कोडी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लोकांना चिनी तर्कशास्त्र म्हणून हे दोघेच ठाऊक असतात, आणि म्हणून ते सगळं शब्दांची कसरत वाटतं. मी यांच्यापाशी फार रेंगाळत नाही.

आता अ‍ॅरिस्टॉटल. इ.स.पू. ३८४ ते ३२२. त्याने केलेली एक गोष्ट चीनमध्ये कोणी केली नाही, ही बाब मी मनापासून मान्य करते. त्याने घोडा, माणूस, बैल यांच्या जागी अक्षरं ठेवली. सगळे ‘ब’ जर ‘अ’ असतील आणि सगळे ‘क’ जर ‘ब’ असतील तर सगळे ‘क’ हे ‘अ’ असतात. ‘क’ म्हणजे काय हे कळायची गरजच उरली नाही. (सॉक्रेटिस मर्त्य आहे हे शाळेतलं उदाहरण त्याच्या ग्रंथात सापडत नाही, ते पुढच्यांचं.) वस्तू काढून घेऊन नुसता आकार तपासायचा हा विचार माणसाच्या बुद्धीने केलेल्या मोठ्या कामांतला एक आहे.

पण त्या आकारात काय मावत नव्हतं तेही पाहायला हवं. घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचं डोकं हे प्राण्याचं डोकं आहे. हे कोणीही मान्य करील, पण अ‍ॅरिस्टॉटलच्या साच्यात ते सिद्ध करता येत नाही. या जातीचं उदाहरण एकोणिसाव्या शतकात डी मॉर्गनने पुढे आणलं (हा गणिती १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला), आणि संबंधांना पेलणारं पुरेसं बळकट तर्कशास्त्र जर्मनीच्या फ्रेगेने मांडलं १८७९मध्ये. मोझीपंथीयांचं ‘पांढऱ्या घोड्यावर बसणं म्हणजे घोड्यावर बसणं’ याच जातीचं आहे: दोन्ही बाजूंना सारखाच शब्द जोडायचा आणि निष्कर्ष टिकतो का बघायचं. पाश्चात्त्य परंपरेने जो प्रश्न दोन हजार वर्षं कडेला ठेवला, त्यावरच हे लोक बसले होते. त्यांना सर्वसाधारण नियम सापडला नाही. पण कुठे टिकतं आणि कुठे मोडतं याची नमुन्यांसह नोंद त्यांनी ठेवली. ‘तर्कशास्त्र नव्हतं’ म्हणणाऱ्याने याला काय म्हणायचं ते सांगावं.

दोन वाटा वेगळ्या का झाल्या याची कारणं बरीच सांगतात. मला पटणारं एक असं की ऐकणारा कोण, यावर बोलण्याचं शास्त्र ठरतं. अथेन्समध्ये शेकडो नागरिकांच्या ज्यूरीपुढे आणि सभेत बोलायचं, प्रतिपक्ष समोर उभा. आणि जवळच भूमितीकार सिद्धता रचत बसलेले. चिनी वक्ता बहुधा एका राजाशी बोलत होता, ज्याचा मूड गेला तर डोकं जाणार. हान फेइझी या चिनी विचारवंताने राजाचं मन वळवण्याच्या अवघडपणावर एक प्रकरणच लिहिलं: ड्रॅगनच्या गळ्याखाली उलटे खवले असतात, त्यांना स्पर्श करणारा मरतो, आणि राजालाही तसे खवले असतात. अशा श्रोत्याला सिद्धता दाखवून चीत करता येत नाही. त्याला आधी एक सोपी गोष्ट मान्य करायला लावायची, मग तुमची अवघड गोष्ट तिच्याच जातीची कशी ते दाखवायचं.

आपल्याकडची वाट या दोन्हींच्या मधून जाते. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. न्यायदर्शनाच्या पाच अवयवांत नियम आहे आणि उदाहरणही आहे. उदाहरण ही इथे सोयीची जोड नाही, त्याच्याशिवाय अनुमान पुरं होत नाही. आणि हे शास्त्र आपणच चीनला दिलं. युआन श्वांग पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रातून गेला, उपकार न विसरणारे आणि अपमान न सोसणारे लोक असं आपल्याबद्दल लिहून गेला, हे आपण शाळेत वाचतो. तो नालंदेत हेतुविद्या, म्हणजे बौद्धांचं तर्कशास्त्र, शिकला हे मात्र सांगायचं राहून जातं. ६४५ साली तो चांगआनला परतला आणि ६४७मध्ये शंकरस्वामीचा ‘न्यायप्रवेश’, ६४९मध्ये दिङ्नागाचा ‘न्यायमुख’ चिनीत आणला. शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो, जसा घडा; हे वाक्य चिनी मठांत घोकलं जाऊ लागलं. त्याचा शिष्य क्वेइजी याने त्यावर मोठं भाष्य लिहिलं. पुढे ते भाष्य चीनमधूनच नाहीसं झालं, जपानी मठांनी जपलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यांग वेनहुई या गृहस्थाच्या खटपटीने चीनला परत मिळालं.

यानंतर गोष्ट गोव्यात येते. जुन्या गोव्याहून करमळीच्या बाजूला जाताना सेंट पॉल कॉलेजच्या दर्शनी भागाची एक कमान उभी आहे. बाकी सगळं गेलं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली याच कॉलेजात बसला. त्यावर सगळ्यांत आधी छापली गेली ती ‘कोंक्लुजोंयश’ म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादात मांडायची तत्त्वज्ञानाची प्रमेयं. आमच्या प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाचा इतिहास लिहून हे सगळं उजेडात ठेवलं. या देशात यंत्रावर छापलेला पहिला कागद वादाचा होता, याचा मला फार आनंद होतो.

सप्टेंबर १५७८मध्ये मत्तेओ रिच्ची नावाचा तरुण इटालियन जेझुइट (येशूसंघाचा धर्मप्रचारक) या कॉलेजात आला. रोममध्ये तो क्लाव्हियसच्या हाताखाली गणित शिकला होता. इथे तो लॅटिन-ग्रीक शिकवायचा आणि ईश्वरविद्या शिकायचा; मधला काही काळ कोचीला होता. त्याच्या डोळ्यांदेखत इथे एक निर्णय झाला: देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकवू नये, शिकले की ते डोईजड होतात. १५८१ साली रिच्चीने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून याला विरोध केला. त्याचं म्हणणं होतं की हे कारण कोणत्याही शिकलेल्या माणसाला लावता येईल, मग यांनाच का. हीसुद्धा तुई आहे! तुम्ही जे स्वतःसाठी मान्य करता त्याच जातीचं दुसऱ्यासाठी का नाकारता? चीन अजून त्याने पाहिलाही नव्हता. इथल्या मुलांना तर्कशास्त्राच्या वर्गाबाहेर ठेवणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि या परक्या माणसाने ते पत्र लिहिलं याबद्दल आदर वाटतो.

एप्रिल १५८२मध्ये तो गोव्याहून मकावला निघाला. १६०७ साली श्यू ग्वांगछी या चिनी विद्वानासोबत त्याने युक्लिडची पहिली सहा पुस्तकं चिनीत आणली. श्यूने लिहून ठेवलं की या ग्रंथात चार गोष्टींची गरज नाही: शंका घेण्याची, अंदाज बांधण्याची, पडताळून पाहण्याची आणि बदलण्याची. साम्यावर विचार करण्याची सवय असलेल्या माणसाला सिद्धता पहिल्यांदा भेटली तेव्हा काय वाटलं, ते या चार नकारांत आहे. १६३१मध्ये फुर्तादो हा जेझुइट आणि ली झिझाओ हा चिनी विद्वान यांनी पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या जेझुइटांचं अ‍ॅरिस्टॉटलवरचं भाष्य ‘मिंगली तान’ या नावाने छापलं, पण त्यात संज्ञा आणि पदार्थ यांपर्यंतचाच भाग आला. पुढचा भाग घेऊन फेर्बीस्त या जेझुइटाने १६८३मध्ये कांगशी सम्राटाला साठ खंडांचा ग्रंथ सादर केला. दरबाराने तो छापायला नकार दिला.

मोझीचं काय झालं? त्याचा पंथ दोन हजार वर्षांपूर्वीच विरला होता. पुस्तक तगलं ते ताओवाद्यांच्या धर्मग्रंथसंग्रहात, जवळजवळ अपघाताने. त्यातली सूत्रं मुळात दोन आडव्या ओळींत मांडली होती. नकलाकारांनी ती सलग उतरवली आणि वरची-खालची सूत्रं एकमेकांत मिसळून गेली. ‘हा मजकूर आडवा वाचावा’ अशी सूचनाही त्याच मजकुरात उतरली गेली, आणि तरी शतकानुशतकं कोणाला उलगडा झाला नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी विद्वानांनी ती सोडवायला घेतली. पुढच्या शतकात युक्लिड वाचलेल्यांना त्यांत वर्तुळाची व्याख्या, सावली आणि आरशाचे नियम दिसू लागले. १९०४ साली लियांग छीचाओ या चिनी विचारवंताने मोझीच्या तर्कशास्त्रावर लिहिलं, आणि अनुवादक येन फूने १९०५मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ मिलच्या तर्कशास्त्राचा अर्धा भाग चिनीत आणला. म्हणजे रिच्चीने सुरू केलेल्या अनुवादांनी चिनी वाचकांना स्वतःच्या हरवलेल्या ग्रंथाचं दार उघडून दिलं. तोटा एवढाच की बराच काळ सगळे त्यात अ‍ॅरिस्टॉटलचे साचे शोधत बसले. ए. सी. ग्रॅहम या ब्रिटिश चीन-अभ्यासकाने १९७८मध्ये सूत्रं नीट लावून दाखवली तेव्हा कळलं की त्यांचा प्रश्नच दुसरा होता.

माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियर मुलामुलींसाठी मी सध्या ‘शियाओ छू’चा इंग्रजीवरून मराठी खर्डा करते आहे. निबंध लहान आहे, कोर्टाला सुट्टी असली की रविवारी दोन-चार ओळी होतात. प्रत्येक उदाहरणाखाली आपल्याकडच्या कूळ-मुंडकार प्रकरणांतलं एक उदाहरण जोडायचं ठरवलं आहे. गाडी आणि लाकडाखाली काय घालावं हे अजून सुचलेलं नाही. वाचणाऱ्यांत कोणी दिवाणी वकील असतील आणि त्यांना सुचलं तर जरूर कळवा.